तीन टिंबांची किल्ली

किल्लीवाले काका स्वतःच्या सावलीलाही भिणारे. त्यांची बायको म्हणायची, "जगाची कुलपं उघडतात, पण आपलं दार कुणी वाजवलं की मला पुढे करतात." काका हसून घ्यायचे. खोटं काय होतं त्यात?

अशा माणसाकडे विद्यापीठातल्या एक ताई आल्या. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून वेगळ्या राहणाऱ्या बायकांना पुढे कशाचा आधार होतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. अशा अकरा घरांना त्यांना नवी कुलपं बसवून हवी होती. त्या दर महिन्याला बायकांना विचारायच्या, झोप लागते का, जेवण जातं का, दार लागलंय ना हे बघायला कितीदा उठता. कुलपाने कुठे झोप येते, असं काकांना वाटलं; पण काम त्यांनी जीव लावून केलं. त्या किल्ल्यांवर त्यांनी तीन बारीक टिंबं ठोकली. टिंबांची किल्ली आली, तर बाई स्वतः समोर असल्याशिवाय जोडकिल्ली करायची नाही.

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, एक नीटनेटका गृहस्थ दुकानाशी आला.

"काका, हिची एक जोडकिल्ली द्या. जरा लवकर."

किल्लीवर तीन टिंबं होती आणि तिला हिरव्या लोकरीचा गोंडा होता. त्या अकरांपैकी तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलीने तो गोंडा काकांसमोरच बांधला होता. त्यांनी मान वर केली. रस्त्यापलीकडे स्कूटरवर तीच मुलगी बसली होती. कोर्टाच्या हुकुमाने तिचे रविवार बापाकडे जायचे. पोरीने काकांना ओळखलं. तिचे ओठ हलले. मग तिने मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"ही टिंबं कसली?"

"कारखान्याची असतील."

नाही म्हणावं, तर चौकात दुसरा किल्लीवाला बसलेलाच होता. काकांनी कोरी किल्ली मशीनला लावली. ती दोनदा उलटी बसली, तसा शेजारचा चष्मेवाला ओरडला, "काका, नंबर वाढला वाटतं! या इकडे, निम्म्यात करून देतो."

चार दात त्यांनी बरोबर कापले. पाचव्यावर कानस एकदा जास्त फिरवली.

गृहस्थाने दोन्ही किल्ल्या उजेडात धरून बराच वेळ ताडून पाहिल्या. "जुळ्या बहिणी," म्हणाला आणि गेला.

काकांनी लगेच ताईंना फोन केला. पोर संध्याकाळी परत यायच्या आत त्यांनी त्या घराचं कुलूप बदललं. बाई दार धरून उभी होती.

"ती काही बोलली नाही ना त्याच्यासमोर?"

"नाही. शहाणी आहे पोर."

"शहाणी नाही हो काका. घाबरलेली आहे."

मंगळवारी गृहस्थ परत आला. किल्ली फळीवर आपटून म्हणाला, "ही लागत नाही."

म्हणजे हा त्या दारापर्यंत जाऊन आला होता. काकांच्या तोंडातून निघून गेलं, "कुठल्या दाराला लावलीत?"

चष्मेवाला उठून बाहेर आला. गृहस्थ किंचित हसला.

"तुमचं घर मागच्या गल्लीतच ना, काका?"

एवढं बोलून तो चालता झाला. किल्ली फळीवरच राहिली. काकांनी ती कागदात गुंडाळली आणि पुन्हा ताईंना फोन लावला.

ताई म्हणाल्या, "मी आणि पोरीची आई आत्ताच पोलीस चौकीत जातोय. तुम्ही येऊन हे सांगाल?"

काकांजवळ नाही म्हणायला शब्द तयार होता. तो उच्चारायलाही धीर होईना. पोरीची खाली गेलेली मान डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"येतो," ते म्हणाले.

त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि दहा पावलं गेले. परत येऊन कुलूप ओढून पाहिलं. पुन्हा गेले, पुन्हा आले.

"अहो काका, लागलंय की!" चष्मेवाला म्हणाला.

"हो रे, दिसतंय मला," काका म्हणाले, अजून एकदा कुलूप ओढलं आणि चौकीच्या रस्त्याला लागले.