सरकारी यादी आणि आजींची दुरुस्ती

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि माझ्या मोठ्या काकांना वाटलं की आता आपल्या पाक्षिकाचे दिवस पालटणार. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते काढलं होतं. मराठीत, चार पानांचं. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ते तयार व्हायचं. मजकूर लिहायचे काका. तो टाईप करणं, तपासणं आणि पत्ते चिकटवणं कॉलेजात असल्यापासून माझ्याकडे. तेव्हा माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं, आणि नोकरी लागेपर्यंत मी सहसंपादक होते.

काकांचं म्हणणं सरळ होतं. सरकार भोपाळला होतं तोवर त्याला आपण दिसत नव्हतो, हे एक वेळ समजू शकतो. आता ते सायकलच्या अंतरावर आलं आहे, तर लहान पत्रांना सरकारी जाहिराती मिळायला हव्यात. शहरातले आणखी पाच लहान संपादक त्यांना येऊन मिळाले, सगळे हिंदी पत्रांचे. सहाही जण बूढ़ा तलावाजवळ सतरंजी टाकून धरण्याला बसले. काकांनी तिथे भाषण केलं की सरकारनं मदत जरूर करावी, पण आमच्या लिखाणातला एक काना इकडचा तिकडे करायला सांगू नये.

मोठ्या दैनिकांतून कुणी फिरकलं नाही. त्यामुळे सहाही संपादकांनी धरण्याची बातमी आपापल्या पत्रात छापली, आणि प्रत्येकानं ‘नेतृत्व’ आपल्याकडे घेतलं. एका पत्रात तर बाकी पाच जणांचा उल्लेखच नव्हता. काकांच्या बातमीत होता, पण ‘इतर काही मंडळी’ असा.

त्याचा परिणाम भलताच झाला. जाहिराती वाटणाऱ्या खात्यात ही सहा कात्रणं एका फायलीत लागली, आणि आठवड्याभरात बोलावणं आलं. खातं जुन्या इस्पितळाच्या इमारतीत बसत होतं, साहेबांच्या दारावर अजून ‘एक्स-रे’ अशी पाटी होती. साहेब काळजीत दिसले. ते म्हणाले, “शासन को सूचना है कि नगर में छह धरने चल रहे हैं. आप लोग किस वाले से हैं?”

कुणीच खुलासा केला नाही. काकांनी मला नंतर सांगितलं की सहा संपादकांचं एकमत झालेलं त्यांनी तेव्हाच पाहिलं.

साहेबांनी जाहिरातींच्या यादीत घ्यायचं तत्त्वतः मान्य केलं. अट एकच होती. पत्रात खरोखर बातम्या असतात का, याची खात्याकडून तपासणी होणार. हिंदीवाल्यांची तपासणी दोन दिवसांत उरकली. आमचं अडलं, कारण मराठी तपासणार कोण? मग कुणालातरी आठवलं की आवक-जावक विभागातल्या एका बाबूचं आडनाव मराठी आहे. त्याला तपासणी अधिकारी नेमण्यात आलं.

हा बाबू चाळिशीचा, मवाळ माणूस. आमच्याकडे आला, चहा घेतला आणि मला बाजूला बोलावून म्हणाला, “दीदी, घर में आई मराठी बोलती है, हम हिंदी में जवाब देते हैं. अक्षर तो पढ़ लूँगा, मतलब आई से ही पूछना पड़ेगा.” मग वर्षभराचे अंक सुतळीनं बांधून तो पुरानी बस्तीतल्या आपल्या घरी घेऊन गेला.

बारा-पंधरा दिवस काही कळलं नाही. नंतर तो पुन्हा आला, चहाला नको म्हणाला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला की आईनं संपादकांना बोलावलंय.

आम्ही गेलो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून तिथे राहणाऱ्या कुटुंबाचं ते घर. आजी, म्हणजे बाबूची आई, तख्तावर बसल्या होत्या. समोर आमच्या अंकांची चळत, त्यात जागोजाग लाल पेन्सिलीच्या खुणा. काका खूश झाले. इतकं बारकाईनं आम्हाला कुणी वाचलं नव्हतं. आजींनी मात्र उशीखालून एक वेगळं कात्रण काढलं आणि मला मोठ्यानं वाचायला सांगितलं. ते आमच्याच पत्रातलं, तीन वर्षांपूर्वीचं होतं, त्यांच्या यजमानांच्या निधनाचं. मी वाचत गेले आणि शेवटच्या ओळीशी थांबले. ‘त्यांच्या पश्चात दोन पत्नी व एक मुलगा असा परिवार आहे.’

आजी म्हणाल्या, “मले मुलं दोन. बायको मी एकटी. तीन वर्षं झाली, मी त्या दुसरीची वाट पाहून राहिली.”

नागपूरच्या नातेवाइकांनी त्यांना विचारून विचारून हैराण केलं होतं. एक नणंद तर म्हणाली होती की छापून आलं म्हणजे काहीतरी असेलच. आजींनी तेव्हा दोन पोस्टकार्डं पाठवली होती. काकांनी ती छापली नव्हती. दुरुस्ती छापणं म्हणजे पत्राची पत घालवणं, असं त्यांचं मत होतं, आणि आजवर त्यांनी एकही दुरुस्ती छापलेली नव्हती. आजींनी सांगून टाकलं की आधी दुरुस्ती, मग तपासणीचा अहवाल.

काका ताठ झाले. म्हणाले की हा सरकारी दबाव आहे, आणि याच गोष्टीविरुद्ध ते धरण्यात बोलले होते.

“मी सरकार नाही,” आजी म्हणाल्या. “मी बायको आहे.”

माझे कान तापले होते. मजकूर काकांनी बरोबरच लिहिला होता. ‘पत्नी व दोन मुलगे’. टाईप मी केला होता, तपासलाही मीच होता, आणि पोस्टकार्डं आली तेव्हा काका प्रेसच्या नावानं ओरडत असताना मी गप्प राहिले होते. मी आजींना सांगितलं की चूक माझी आहे.

त्यांनी मला नीट पाहून घेतलं. विचारलं, “काहून झालं असं?”

मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती.

“मग? पास झाली?”

“नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. त्यांचं माझ्यापुरतं समाधान झालं होतं.

काकांना घरी यायच्या वाटेवर एकच गोष्ट बोलायची होती: तीन वर्षं ते ज्या प्रेसवाल्याशी अबोला धरून होते त्याला आता काय सांगायचं. मी म्हटलं, मीच सांगते. सांगितलं. तो म्हणाला, अबोला होता हे त्याला माहीतच नव्हतं.

दुरुस्तीचा मजकूर आजींनीच दिला. ‘त्यांना एकच पत्नी होती व ती अजून आहे.’ काकांनी शेवटचे चार शब्द काढायचा प्रयत्न केला. ती काही बातमी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आजींनी निरोप पाठवला की बातमी तेवढीच आहे. ती पहिल्या पानावर चौकटीत छापली गेली. त्या अंकाच्या प्रती, आमच्या इतिहासात पहिल्यांदा, कमी पडल्या.

चार दिवसांत अहवाल गेला. बाबूनं मला त्याची नक्कल दाखवली. सगळी तपासणी एका ओळीत होती: ‘पत्र में समाचार पाए गए.’ खाली सही, शिक्का.

आम्ही यादीत आलो. पहिली जाहिरात आली ती डासांची, हिंदीत, पाव पान. घराजवळ पाणी साचू देऊ नका, असा तिचा मजकूर होता. काकांनी मुद्दाम तिच्या अगदी वर अग्रलेख लावला, आमच्या गल्लीत तुंबलेल्या नालीवर, आणि त्यात सरकारला नाव घेऊन झोडपलं. मदत घेतली तरी आपण विकले गेलो नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. मग ते परिणामांची वाट पाहू लागले. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, बोलावणं आलं तर उशीर नको म्हणून. उत्तर पाठ केलं होतं. मला त्यांनी साक्षीदार म्हणून तयार राहायला सांगितलं होतं.

दोन आठवडे गेले, तीन गेले. कुणी आलं नाही. शेवटी खात्याचा लिफाफा आला. काकांनी तो उघडायच्या आधी हात धुतले. आत दुसऱ्या जाहिरातीचा मजकूर होता, आणि सोबत चिठ्ठी: पहिली जाहिरात ‘उत्तम स्थानावर’ छापल्याबद्दल आभार.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. “वाचलंच नाही त्यांनी,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला की मला हसता येईना. मग त्यांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला, नालीच्या अग्रलेखाचा दुसरा भाग लिहायला घेतला, आणि मला म्हणाले, “या वेळी हिंदीतच लिहू का, पोरी?”

मी म्हटलं, लिहा. तपासणार मीच होते, आणि हिंदीतल्या चुका मला तेव्हा मराठीतल्यापेक्षाही कमी दिसत.