जानेवारीची फाइल

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभी होते. "अगं, हे जिन्यात पडले… ये," एवढंच त्या म्हणाल्या. मी हॉस्पिटलमध्ये पोहोचले तोवर श्रीकांतकाका गेले होते. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. जानेवारीला अजून तीन आठवडे होते, हे माझ्या मनात आधी आलं. रडू नंतर आलं.

काका माझ्या नात्यातले नव्हते. जर्मनीत बोब्लिंगेनला नोकरी लागल्यावर पहिले चार महिने मी त्यांच्या घरी राहिले आणि पुढे दर रविवारी जेवायला जात राहिले. गिअरबॉक्सच्या कामात उभा जन्म गेलेला हा माणूस मला 'मॅडम' म्हणायचा. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी आकडे मला धड येत नसत. भात वाढता वाढता ते विचारायचे, "मॅडम, एकोणऐंशी म्हणजे किती?" मी गप्प बसले की स्वतःच सांगायचे, "सात-नऊ. गेनाऊ! अगदी बरोब्बर!" मी फारशी बोलत नाही. त्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे.

मी काकांच्याच कंपनीत, एचआरमध्ये. त्यांचा आरोग्य विमा खासगी होता आणि हप्ता दरवर्षी वाढत होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले. मी मोठ्या सेल्बस्टबेटायलिगुंगचा पर्याय सुचवला. म्हणजे हप्ता कमी, पण वर्षातला पहिला ठरावीक खर्च आपण करायचा, त्यापुढचा विम्याने. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे हप्ता अर्धा आपली कंपनी भरणार आणि आजार आधी सगळा माझा? हा कुठला न्याय?"

"काका, तुम्ही कधी आजारी पडता?"

काकू हसल्या. काकांनी सही केली. पण प्रश्न खरा होता. तब्येत चांगली असेल त्याला ही व्यवस्था स्वस्त, बिघडली की महाग. ऑफिसमध्ये माझ्या वयाच्या लोकांना मी जो तक्ता दाखवते, तोच मी साठीला आलेल्या माणसाला दाखवला होता.

मग काकांनी निळी फाइल केली. बिलं तारखेवार लावायची आणि ती ठरावीक रक्कम ओलांडली तरच विमा कंपनीला पाठवायची. ती कधी ओलांडलीच नाही, कारण ते डॉक्टरकडे जाईनासे झाले. नोव्हेंबरमध्ये जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं, तेव्हा काकूंनी बळेच पाठवलं. डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या रविवारी काकू स्वयंपाकघरात असताना काकांनी ती चिठ्ठी मला दाखवली. "लवकर करा म्हणालेत. काय करू गं?"

मी म्हणाले, "आता वर्ष संपतच आलंय. जानेवारीत केल्या तर पुढचा सगळा खर्च एकाच वर्षात येईल, आपली रक्कम एकदाच भरावी लागेल." लवकर म्हणजे किती लवकर, हे मी विचारलं नाही. आमच्या ऑफिसात सगळे असंच करतात, मीही दात जानेवारीतच दाखवते. काकांनी चिठ्ठीवर 'जानेवारी' लिहिलं आणि ती फाइलला लावली.

वेळेवर तपासण्या झाल्या असत्या तर ते वाचले असते का… कोण सांगणार? मला मात्र या प्रश्नाच्या आड लपायचं नाही.

मागच्या सोमवारी विम्याचे कागद भरायला काकूंनी बोलावलं. "तू आहेस म्हणून बरं. यांनी तपासणी का लांबवली, देव जाणे," त्या म्हणाल्या. मी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी फाइलचं शेवटचं पान उलटलं. तिथे दुसरी चिठ्ठी होती, काकूंच्या नावाची. चक्कर येते म्हणून मानेच्या नसांची तपासणी. वर काकांच्या अक्षरात तेच: जानेवारी.

"लाव फोन," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता त्या डॉक्टरांचा नंबर सांगू लागल्या, मराठीत. एकोणऐंशीला माझं बोट थांबलं. त्या थांबल्या. टेबलापलीकडची काकांची खुर्ची रिकामी होती.

मग मी सात दाबलं, नऊ दाबलं.