भिंतीला खिळा नको

मंडळी, आज धायरीचा फ्लॅट रिकामा झाला. भाड्याने देण्यासाठीच घेतलेल्या त्या घराला माझे नियम दोन. अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलायचा आणि भिंतीला खिळा ठोकू द्यायचा नाही. रंगाचा खर्च वाचतो.

चावी द्यायला भाडेकरू अमोल थांबला होता. मी भिंतींवरून हात फिरवून पाहिला, एक भोक नाही.

"शाब्बास," मी म्हणालो.

"काका, आईचा फोटो लावायचा होता. ती गेली आणि लगेच इथे आलो. मग कपाटातच ठेवला."

बायको गेल्यापासून मी घरी तिच्या फोटोशीच बोलतो. आज चहा घेताना तिला हे सांगायला लागलो आणि नजर तिचा फोटो टांगलेल्या खिळ्यावर गेली.

अमोल आता कुठे राहणार, हेसुद्धा मी विचारलं नाही. तुम्ही विचारता का हो?