अंगठ्यानं ओळखलेलं रीळ

२०२३ साल. मला चौऱ्याहत्तर पुरी झाली होती. आधीच सांगतो, भूतखेत, चमत्कार असलं मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. घडलं तेवढं लिहितो. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड... मराठी घरातली. चुकलं तर चुकलं.

आम्ही म्हैसूरचे, नजरबादला तीन पिढ्या. मेटगळ्ळीच्या कारखान्यात ड्युटी केली आणि सुट्टीला आठ एमएमच्या छोट्या कॅमेऱ्यानं लोकांच्या लग्नाच्या फिल्मा काढल्या. इंग्रजी वाचता येत नाही, पण माझं रीळ कधी चुकलं नाही. रिळाच्या डबीला कडेला खाच असते. लांब खाच म्हणजे मंद रीळ, उन्हाचं, लेबलावर इंग्रजीत डेलाईट. आखूड म्हणजे वेगवान, रात्रीच्या बत्तीचं, ते टंगस्टन. अंधारात नुसता अंगठा फिरवून सांगायचो. हे गुपित दोघांनाच ठाऊक — माझी बायको शांता आणि मानोजी. मानोजी माझा पन्नास वर्षांपासूनचा दोस्त. बंगळूरहून रिळं तोच आणून द्यायचा.

त्या साली शांताचं दुखणं वाढलं. एक दिवस म्हणाली, "जगाच्या बायका काढल्यात. मला एकदा काढा की! राजवाड्याच्या बत्त्यांसमोर."

खरंच, हिची हातभर फिल्म नव्हती घरात.

रविवारी संध्याकाळी सातला राजवाडा बल्बांनी उजळतो. त्याला वेगवानच रीळ पाहिजे, मंद रिळावर माणूस उठणारच नाही. मानोजीनं आणून दिलं. मी अंगठा फिरवला. खाच आखूड.

"बरोबर हाय," मी म्हटलं.

तो हसला. "तुझ्या अंगठ्यापुढं लेबल काय करणार, रामोजी!"

शांता हिरवं लुगडं नेसून उभी राहिली. पदर सारखा करत होती. तीन मिनिटांत रीळ संपलं. बावीस दिवसांनी ती गेली.

रीळ मुंबईला धुवायला पाठवलं होतं. तिथल्या माणसाचा फोन आला.

"काका, हे दिवसाचं मंद रीळ आहे. खाच कुणीतरी काळ्या लाखेनं अर्धी बुजवलीय."

"म्हणजे काही आलं नाही?"

"तेच तर कळत नाही... मागं सगळा काळोख. एक बत्ती नाही. पण बाई उन्हात उभ्या आहेत, काका. पायाशी सावली पडलीय."

त्यानं फिल्मची कॉपी मोबाईलवर पाठवली, ती मुलानं टीव्हीवर लावून दाखवली. राजवाडा नाही, आभाळ नाही. आणि शांता... सकाळी दहाच्या उन्हात उभी असावी तशी. लुगडं हिरवंगार, डोळे मिचकावत होती. त्या संध्याकाळी ऊन नव्हतं. मी तिथं होतो.

तसाच मानोजीकडं गेलो. लाख म्हटल्यावर त्याची मान खाली गेली.

"रात्रीचं एकच रीळ मिळालं रे. बंगळूरच्या शूटिंगवाल्याला कबूल करून बसलो होतो. तुला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, काही उठलं नाही तर समजशील, वय झालं, हात चुकला."

"तिचं शेवटचं होतं, मानोजी."

"अय्यो, चित्र आलंय की! बिडो, सोड आता. देवानं सांभाळून घेतलं."

म्हणजे देवानं माझं नाही, याचं सांभाळलं! रीळ कोरं आलं असतं तर हा कधी बोलला नसता. मी मरेपर्यंत माझ्या हाताला शिव्या दिल्या असत्या. आता मुलगासुद्धा म्हणतो, "अप्पा, आई दिसली ना? कशाला धरून बसता?"

ऊन कुठून आलं, मला माहीत नाही. मुंबईवाल्यालाही सांगता आलं नाही. लाख कुठून आली ते माहीत आहे. माझा अंगठा काय वाचतो हे माहीत असलेल्या माणसानंच ती भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला बोलावलं. म्हटलं, "रिळाच्या लेबलावर असतं तसं डेलाईटचं पहिलं अक्षर काढ. टंगस्टनचं पण. मोठी काढ."

ती म्हणाली, "मामंजी, तुम्हाला इंग्रजी..."

"नाही येत."

तिनं कॅलेंडरच्या पाठीवर दोन अक्षरं काढून दिली. जेवणाची हाक येईपर्यंत मी तीच गिरवत बसलो.