राक्षसाचा खांदा

केसोर आठव्या वर्षी कंबोडियातल्या नोम पेन्हच्या आमच्या नृत्यशाळेत आली. गुरूबाईंनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही राक्षस." असंच ठरतं आमच्याकडे. बारीक मुली राजकन्या, उंच त्या राजपुत्र, रुंद हाडाच्या राक्षस. मग जन्मभर तीच भूमिका.

"तुम्हाला नवरे मिळाले, मला गदा मिळाली," ती म्हणायची. "बरीय. घोरत नाही."

आम्ही सगळ्या तिला बोंग म्हणायचो, थोरली.

यंदा तालमीत गदा मागे उगारताना तिचा खांदा निखळला. खांबाला रेटून तिनं तो स्वतःच बसवला, पण गुरूबाईंनी पाहिलं.

"डॉक्टर हो म्हणाले तरच मुकुट. नाहीतर गदा धाकट्या चान्थाकडे."

"आणि मी?"

"तू मुलींना शिकव."

"त्यापेक्षा जाळा मला."

नाचातल्या लढाईत तिच्या मांडीवर चढणारा राजपुत्र मी, म्हणून सोबत मला धाडलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला बसवून कोपराशी धरून हात खाली ओढला. खांद्याच्या हाडाखाली बोट मावेल अशी खळगी पडली. दुसऱ्या बाजूलाही पडली, जरा कमी.

"नाचणाऱ्यांचे सांधे सैलच असतात. यावरून ठरत नाही. आडव्या व्हा."

कोपर वाकवून त्यांनी हात बाजूला घेतला आणि मनगट हळूहळू डोक्यामागे वळवू लागले. गदा उगारतानाची हुबेहूब तीच ढब. पण डॉक्टर खांद्याकडे बघतच नव्हते. तिच्या तोंडाकडे बघत होते.

"निसटेल अशी भीती वाटते?"

"राक्षस आहे मी, डॉक्टर. भीती मी घालते."

ते हसले नाहीत. "बोंग, ऐका. एक्स-रे फोटोत हाड जागेवर आहे. यापुढचं मला माणूस दचकतो, हात आखडतो, त्यावरूनच कळतं. तुम्ही लपवलंत तर माझा इलाज नाही."

"लपवायला आहे काय?"

आणि ती हसली. ओठ मिटलेलं, मंचावरचं हसू. लहानपणी गुरूबाई आमची कोपरं गुडघ्यावर धरून उलटी वाकवायच्या. म्हणायच्या, रडा खुशाल, ओठ हलता कामा नयेत. बोंगच्या पायाची बोटं तेवढी ताठ वर वळली होती. पण तीही आमची नाचातलीच सवय. मलाही तेव्हा काही वाटलं नाही.

"नाचा," डॉक्टर म्हणाले. "पण जपून."

खेळाच्या दिवशी नेहमीप्रमाणे पोशाख तिच्या अंगावरच घट्ट शिवला. लढाईत मी तिच्या मांडीवर चढले, तिचा उगारलेला हात धरला. माझ्या पंजाखाली काहीतरी सरकलं, ओल्या पिशवीत मासा वळवळावा तसं.

"बोंग!"

"उतरू नकोस," मिटल्या ओठांतून आवाज आला. "ताल सोडलास तर मारीन."

लोक टाळ्या वाजवत होते. पडद्यामागे आम्ही कात्रीनं टाके उसवले तेव्हा हात लोंबत होता.

दवाखान्यात सांधा बसवला. पण महिना उलटला तरी हात वर जाईना. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. सुईचं टोक खांद्याच्या बाहेरच्या अंगाला लावलं.

"टोचलं की सांगा."

एकदा. दोनदा. ती गप्प. डॉक्टरांनी सुई ताटलीत ठेवली.

"हं," ती म्हणाली. "टोचलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"हं. परत टोचलं. किती टोचाल?" डोळे मिटलेलेच, ओठांवर तेच हसू. "कळतंय ना मला नीट? मग गुरूबाईंना सांगा तसं."