पाऊण भरायची बॅग

रूपालीचा फोन आला तेव्हा मी भिवंडीच्या धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात अडकले होते. रूपाली म्हणजे माझी मैत्रीण सुनंदा, तिची मुलगी. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग नुसता तिच्या श्वासाचा आवाज... सकाळी दुकानाचं शटर वर करताना सुनंदा खाली बसली आणि बसल्या जागीच गेली. रिक्षा हलत नव्हती. पुढे कापडाचे तागे लादलेला टेम्पो आडवा झाला होता आणि शेजारची बाई मांडीवरची पिशवी सावरत विचारत होती, "क्या हुआ भाभी?" मी उतरले आणि चालत सुटले. सायकल असती तर सात मिनिटांत पोचले असते, असं मनात आलं आणि मग कळलं, हे वाक्य माझं नाही, तिचं आहे. दर ट्रॅफिकमध्ये ती मला ते ऐकवायची. या गोष्टीला आता अडीच महिने झाले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच लिहावं म्हणतात. सुनंदाविषयी वाईट लिहायला काही नाहीच. वाईट आहे ते माझ्याबद्दलचं. तिची माफी मागायची होती, तीन वर्षं हाताशी होती, आणि मी मागितली नाही.

नाक्यापासून दोन गल्ल्या आत तिचं शिलाईचं दुकान होतं. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. मी शाळेत शिक्षिका, त्यामुळे गणवेशांच्या निमित्ताने ओळख झाली. ती मला सगळ्यांसारखं 'बाई' म्हणायची, पण पुढे 'तू' लावायची. "बाई, तू जरा नीट उभी राहा," असं. दुकानाबाहेर तिची सायकल उभी असे. माहेर खारबावचं, लहानपणी भावाची सायकल पळवून ती शिकली होती आणि पुढे कधी सोडली नाही. मला मात्र सायकल येत असूनही लग्नानंतर कधी हात लावला नव्हता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा मी तिच्या दुकानात बसून रडगाणं गायले. तिने टेप गळ्यात टाकली आणि म्हणाली, "गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन येऊ. रडायचंच असेल तर तिथं रड, घाम समजतील लोक."

गणेशपुरी जमली आणि आमची भीड चेपली. मग दर मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागली की, सहा-सात दिवसांची सहल ठरलेली. पहाटे पाचला निघायचं, दहा वाजता सावली गाठायची, पुन्हा चारनंतर. खारबाव, कामण करत वसईकडे आणि तिथून किनाऱ्याने जमेल तेवढं वर. पहिल्या खेपेला मी काय काय घेतलं होतं ते आठवलं की अजून लाजायला होतं. पाहुण्यांकडे लागतील म्हणून दोन सुती साड्या, त्यांचे परकर, एक नवी कोरी जीन्स, रात्रीचा गाऊन, टर्किशचा टॉवेल. कामणपर्यंत जाईस्तोवर जीन्सने मांड्या सोलून निघाल्या होत्या. टॉवेल पहिल्या दिवशी भिजला तो सहाव्या दिवशीही ओलाच होता आणि सगळ्या बॅगेला कुबट वास. सुनंदा वाटभर नुसती पुढे सायकल मारत राहिली. घरी परतल्यावर मात्र तिने माझी बॅग दुकानाच्या फरशीवर उपडी केली, एकेक कपडा दोन बोटांनी उचलला आणि म्हणाली, "बाई, तू सहलीला गेली होतीस की नांदायला?"

त्यानंतर कपड्यांचं खातं तिने स्वतःकडे घेतलं. भिवंडीत जन्म गेलेली बाई. कापड नुसतं चिमटीत धरून त्यात किती सूत नि किती नायलॉन ते सांगायची. तरी तिने अंदाजाने काही केलं नाही. कापडाचे तुकडे मिठाच्या पाण्यात बुडवून ती दुकानाच्या जाळीवर वाळत घाले. कोणतं लवकर सुकतं, कोणतं घामाच्या मिठाने कडक होऊन काचतं, हे ती बोटाने चोळून बघायची. जाड सुती कापड तिने बाद केलं. "दिसायला सोज्वळ, पण एकदा भिजलं की पाहुण्यासारखं चिकटून बसतं." शेवटी ठरलं ते असं, की दोनच सदरे घ्यायचे, पातळ, लांब बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे, बाजूला चिरा असलेले. एक अंगात, एक धुऊन कॅरिअरवर वाळत. सलवार घोट्याशी निमुळती, म्हणजे चेनमध्ये जात नाही, आणि आतून फोमची पट्टी, सीटवर बसून बसून हाडं दुखू नयेत म्हणून. तो सदरा सायकलवर चालायचा, देवळात चालायचा आणि माझ्या चुलत सासूबाईंच्या ओसरीवरही चालायचा. साडी एकच, जॉर्जेटची, मुठीत मावणारी. आणि एक मोठी ओढणी. त्या ओढणीने आम्ही तोंड झाकलं, अंग पुसलं आणि एकदा तर शिरगावजवळ बंद शाळेच्या व्हरांड्यात तिने तीच दोन खांबांना बांधून माझ्यासाठी आडोसा केला. मी कपडे बदलत होते आणि ती बाहेर उभी राहून एका गाईला "हट, इकडं लेडीज हाय" म्हणून हाकलत होती.

बॅगही तिनेच शिवली, रिक्षाच्या सीटच्या रेक्झिनची. आणि तिचा एक नियम होता. बॅग पाऊणच भरायची, पाव भाग लोकांचा. हा नियम अनुभवातून आला होता. दोन पोक्त बायका सायकलवरून दारात आल्या की घरची बाई आधी तोंडात मारल्यासारखी बघत राही, मग पाणी, चहा, जेवण, आणि निघताना हळदीकुंकू लावून ओटी. नारळ, ओंजळभर तांदूळ आणि ब्लाऊजपीस. नाही म्हणायची सोय नाही. पहिल्याच सहलीत तिसऱ्या दिवशी आमच्याकडे पाच नारळ झाले होते आणि मी ते चढावर ओढत होते. नारळ आम्ही वाटेत फोडून खायचो, तांदूळ रात्रीच्या मुक्कामी देऊन टाकायचो. राहायचे ते खण. आता ओटीच्या खणाचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तो कुणी शिवत नाही. या घरातून त्या घरात फिरत राहतो आणि दोन वर्षांनी आपल्याच घरी परत येतो. सुनंदाने ती फिरती थांबवली. ते कापड इतकं विरळ असतं की ब्लाऊजला उपयोग नाही, पण सायकलवर अर्ध्या तासात वाळतं! तिने त्यांना कात्री लावली आणि पुढच्या वर्षीचे आमचे सदरे त्या खणांचे झाले. पाठ मोरपंखी, एक बाही हळदी, दुसरी डाळिंबी. वाटेत ती बाहीवर टिचकी मारून सांगायची, "ही दातिवऱ्याची म्हातारी, आठवते? बोंबलाचं कालवण?" लोक आम्हाला हसायचे. आम्हाला ते आवडायचं.

पाच वर्षं अशी गेली. सहाव्या वर्षीच्या थंडीत तिचे मिस्टर गेले. मे महिन्यात मी विषय काढायला घाबरत होते, तर तीच म्हणाली, "बॅगा काढ." तिने तशीच पाऊण बॅग भरली. तिसऱ्या दिवशी आम्ही केळव्याच्या पुढे माझ्या मावसबहिणीकडे, शालनकडे उतरलो. शालन प्रेमळ आहे, हे मला लिहायलाच हवं. तिने सुनंदाला जवळ घेतलं, तिच्यासाठी रडली, आग्रह करकरून जेवायला वाढलं. सकाळी निघताना ती ताट घेऊन आली. मला कुंकू लावलं. सुनंदा माझ्या शेजारी उभी होती, खांद्याला खांदा लावून, हातात बॅग, बॅगेची चेन सवयीने उघडी. शालनने माझी ओटी भरली, ताट फिरवलं आणि आत गेली.

मी ओढणी पसरून उभी होते. 'शालन, हिचीही भर,' हे तीन शब्द. मुलांना तीस वर्षं काय काय शिकवलं, भाषणं केली, आणि ते तीन शब्द माझ्या तोंडातून आले नाहीत. सुनंदाने बॅगेची चेन लावली आणि म्हणाली, "चल, ऊन चढतंय." पुढे चढ लागला तेव्हा तिने सायकल थांबवली, माझ्या बॅगेतला नारळ काढला, खण काढला आणि आपल्या बॅगेत टाकला. "तुझा गुडघा दुखतोय. माझ्याकडे जागा आहे."

माझ्याकडे जागा आहे... मी तो नारळ तिला नेऊ दिला. गुडघा खरंच दुखत होता, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पुढच्या वर्षी त्याच खणाचा सदरा तिने मला शिवून दिला, नेहमीसारखाच, आतून कच्च्या कडासुद्धा झाकलेल्या. तिच्या सदऱ्यांना मात्र आता जुन्याच खणांचे तुकडे. मी बाजारातून एक चांगला खण आणला, हिरवा, बारीक काठाचा. तिला द्यायचा म्हणून. पण द्यायचा तर का देतेय ते बोलावं लागलं असतं, आणि तिने कधी शब्द काढला नव्हता. जखमेवरची खपली आपण कशाला काढायची, असं मी म्हणत राहिले. खरं सांगायचं तर ती खपली माझी होती. खण कपाटात पडून राहिला. आम्ही आणखी दोन सहली केल्या. ती दर वेळी बॅग पाऊणच भरायची आणि घरी आणायची तेव्हाही ती पाऊणच असायची.

त्या दिवशी नाक्यावरून मी आधी घरी गेले, कपाट उघडलं, खण घेतला, देव्हाऱ्यातला नारळ घेतला आणि मग तिच्याकडे. बायकांनी तिला आंघोळ घातली होती, पांढरट साडी नेसवली होती. मी खण काढला तशी एक जण म्हणाली, "गो बाय, नवरा न्हाय तिला. तिची ओटी न्हाय भरत." माझे हात पुन्हा थांबले. हो, पुन्हा. तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "भरू दे तिला." ती सुनंदाची चंद्राआत्या होती, खारबावची, ऐंशीच्या पुढची. मी ओटी भरली. रडतही होते, आणि हेही कळत होतं, की मेलेल्या माणसाची ओटी भरायला फारसं धाडस लागत नाही. तिला जिवंतपणी उघडी चेन स्वतः लावावी लागली होती. ती मी आता कशानेही उघडू शकत नाही.

सगळे निघून गेल्यावर मी पायरीवर चपला शोधत होते. चंद्राआत्या भिंतीला धरून बाहेर आली आणि तिने माझं मनगट पकडलं. "माजी कवा भरशील गो? मी पन मेल्यावरच?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एसटी कधी येते असं विचारावं, तसं तिने विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दर सहलीला आमचा पहिला थांबा खारबावला, सुनंदाच्या भावाच्या घरी असे. चहा या आत्याच्या हातचा. वहिनी आमची ओटी भरायची तेव्हा ही दाराआडून रिकाम्या कपबशा गोळा करत असायची. तिशीत विधवा झालेली बाई. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. सुनंदाने पाहिलं होतं का, कोण जाणे.

मेमध्ये रूपालीने रजा काढली. आम्ही दोघींनी मिळून बॅगा भरल्या. आईचा सदरा तिला खांद्यात थोडा ढगळ होत होता, पण तिने तोच घेतला. "मावशी, ही जागा कशाला सोडायची?" तिने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, शालनच्या ओसरीसह. तिने सदऱ्याची बाही मांडीवर सपाट केली. मग म्हणाली, "आईने हे घरी कधीच सांगितलं नाही." मी उठले आणि त्या जागेत चार खण घडी घालून ठेवले. शालनकडेही जायचं होतं आणि तिथे काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं, शाळेतल्या मुलीसारखं.

खारबावला पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. आत्या अंगणात चूल पेटवत बसली होती. मी नारळ, तांदूळ आणि खण काढला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली. "आत्या, पदर धरा," मी म्हटलं. तिने पदर पुढे घेतला, आणि मग तो कसा धरायचा तेच तिला आठवेना. पन्नास वर्षं झाली होती. एकदा डाव्या हातात, एकदा उजव्या. शेवटी रूपालीने तिची बोटं धरून पदर पसरला.

"तांदूल जास्ती नको घालूस गो," आत्या म्हणाली. "लुगरं जुना हाय, फाटंल."

मी दोन ओंजळी भरून घातले. पदर फाटला नाही.