वहिनीची गाडी आणि उस्तादचं तेल

तुम्ही बाहेर जेवता, ढेकर देता, हात पुसून निघता. ज्या तेलात तुमचं ताट तळून निघालं, ते तेल नंतर कुठे जातं हे आयुष्यात एकदा तरी विचारलंत? नाही ना? मग जरा बसा. एका बाईची हकिकत आहे, आणि ती गोड नाही.

आमच्या वस्तीत तिला सगळे वहिनी म्हणतात. तिचा नवरा व्हॅन चालवायचा. तो गेला तेव्हा मागे दोन गोष्टी राहिल्या: ती व्हॅन आणि त्याची बहीण. व्हॅन जुनी, डिझेलची, आतून लाथ घातल्याशिवाय दार न उघडणारी. नणंदही साधारण तशीच. भाऊ जाऊन महिना होत नाही तोच तिने चावी कमरेला खोचली आणि म्हणाली, "गाडी माझ्या भावाची. तू परक्या घरची." पाच महिन्यांत नणंदेची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, नाहीतर अंगात पाणी साठून माणूस बसल्या जागी बुडतो. केंद्र उड्डाणपुलाच्या पलीकडे, आणि तिकडे जाणारी बस नाही. तेव्हा चावी परत आली. हातात दिली नाही, टेबलावर फेकली.

"शीक चालवायला. आणि रस्त्यात मारू नकोस मला."

वहिनी शिकली. मग त्याच गाडीत मागच्या गल्लीतले मास्तर येऊ लागले. शाळेतून निवृत्त, पायांना सूज, हातात कायम वर्तमानपत्राची घडी. शिवणकाम करणारी एक बाईही आली. तिघांनाही डायलिसिस, तिघांचीही एकच वेळ, सकाळी दहाची.

रोज डिझेल भरणं वहिनीच्या आवाक्याबाहेरचं होतं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, या जुन्या इंजिनाला तळणाचं तेल पचतं, फक्त तेल नीट हवं. त्याने दुसरी टाकी बसवून दिली. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन चांगलं तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची, थांबायच्या आधी परत डिझेलवर आणायची. एवढं ती आठवड्यात शिकली. पण ते 'नीट' तेल शोधायला काही महिने गेले.

नीट म्हणजे थंडीतही डब्यात हलणारं, मधाच्या रंगाचं. पांढरं गोठलेलं नको, काळं जळकं नको, आणि पाणी तर थेंबभरही नको. पाण्यासाठी तिची एकच परीक्षा होती. पिशवीत एक लोखंडी कढली असायची. डब्याच्या तळातून पळीभर तेल काढायचं, कारण पाणी तळाला बसतं. ते कढलीत तापवायचं आणि कान लावायचा. गप्प राहिलं तर घ्यायचं, तडतडलं तर ओतून द्यायचं. निदान आठ दिवस डबा निवळत ठेवता आला तर उत्तम. नाही जमलं तर ही कढलीच तिची वाली.

शहरातली सत्तर-ऐंशी हॉटेलं तिने पायाखाली घातली. कोणी हसलं, कोणी हाकललं, कोणी सांगितलं की आमचं तेल ठरलेला व्यापारी उचलतो. शेवटी एकच दार उरलं. एका मोठ्या हॉटेलचं मागचं दार. तिथला मालक तेल काळवंडायच्या आत बदलायला लावायचा. तेल बदलणारा मुख्य आचारी, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. आणि उस्ताद फुकट काही देणारा नव्हता.

"वहिनी, आज चेंबर तुंबलाय."

"परवाच साफ केला ना, उस्ताद."

"मग परवाचंच तेल घेऊन जा."

आत भांडीवाले खिदळायचे. वहिनी पदर खोचायची, मोरीचं झाकण उचलायची आणि कोपरापर्यंत हात घालून खरकट्याचा लगदा काढायची. हे दर खेपेला. एकाने विचारलं, "घरी कोणी शेजारी बसवून घेतं का गं तुला, या वासानं?" ती म्हणाली, "घेतात की. तुझं हॉटेल एवढं महाग, तरी गिऱ्हाईकाला तुझा वास येऊ नये म्हणून तुला मागेच ठेवलंय ना?" त्या दिवशी डबा अर्धाच मिळाला. मग तिने जीभ आवरायला सुरुवात केली.

गाडीत वेगळाच छळ. नणंद पुढच्या सीटवर, भावाच्या हक्काने.

"वहिनी, तुझ्या गाडीला तळणाचा वास येतो. मला भूक लागते. आणि मला तळलेलं बंद आहे. हे तू मुद्दाम करतेस."

"वन्सं, काच खाली करा."

"काच खाली केली की थंडी. तुला मी थंडीनेच मरायला हवी आहे."

मागून मास्तर म्हणायचे, "अहो बाई, आपण तिघे मिळून यंत्राच्या तोंडी चाललोय, जरा शांत जाऊ द्या की." आणि वर्तमानपत्रातली एखादी बातमी मोठ्याने वाचायचे. त्यांना बातमीपेक्षा स्वतःचा आवाज आवडायचा, पण त्या आवाजाने नणंद गप्प व्हायची. वहिनीला तेवढं पुरे होतं.

आता माझं पाप सांगतो. वस्तीसाठी अर्ज लिहिणं, कचेरीत भांडणं हे माझं काम. या थंडीत मला कळलं की उस्ताद उरलेलं तेल चोरून रस्त्यावरच्या तळणाच्या गाड्यांना विकतो, आणि ते पुन्हा काळंकुट्ट होईपर्यंत लोकांच्या पोटात जातं. माझं डोकं फिरलं. कागद करायचा होता, साक्षीदार जमवायचे होते. ते सोडून मी तडक त्या मागच्या दारात गेलो. वहिनी तिथेच होती, हात चेंबरमध्ये.

तिने मला ओळखलं आणि हळूच म्हणाली, "भाऊ, आज नको. तुमचं भांडण दुसऱ्या दारात करा. मला एवढंच दार आहे."

मी ऐकलं नाही. दहा-बारा माणसांसमोर उस्तादला चोर म्हटलं, लोकांना विष खाऊ घालणारा म्हटलं, वर त्याची आईबहीणही काढली. तो नुसता झारा पुसत राहिला. मला वाटलं, जिरवली. छाती फुगवून घरी आलो; वहिनी त्या दिवशी रिकाम्या डब्याने परतली.

आधीच्या दोन आठवड्यांत वहिनीकडचं तेल थंडीने गोठून लोण्यासारखं झालं होतं, एक डबाही कामाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती रिकामे डबे घेऊन गेली. दहाला तिघांची पाळी. उस्ताद स्वतः दारात आला. चेंबरचं नाव काढलं नाही. पूर्ण भरलेला, मधासारखा डबा पुढे ठेवला. वहिनीने सवयीने पिशवीतून कढली काढली.

"तपासणार?" उस्ताद म्हणाला. "काल तुझ्या माणसाने सगळ्यांसमोर मला चोर केलं. आज तूही करणार? दोन वर्षं मी तुला तेल देतोय."

"तसं नाही, उस्ताद. रोजचंच आहे."

"तपास. खुशाल तपास. पण मग उद्यापासून दुसरं दार बघ."

वहिनीने कढली परत पिशवीत ठेवली.

दोन वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं. उस्तादवर विश्वास होता म्हणून नव्हे; एक डबा न तपासता घेऊन टाकावा आणि दार वाचवावं, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात होता. आणि त्या दाराला धोका मी आणला होता. घरी येऊन तिने तेल फडक्यातून दोनदा गाळलं. फडक्यात तळणाचा चुरा अडकतो, पाणी अडकत नाही.

पुढचं नणंदेने मला सांगितलं, तेही चवीने. पुलाच्या पायथ्याशी इंजिन तापलं, वहिनीने कॉक फिरवला. अर्ध्या चढावर गाडीला उचकी लागली. दुसरी, तिसरी. वहिनीने झटकन परत डिझेलवर घेतली, पण पाणी पंपात शिरलं होतं. गाडी चढावरच बंद. मागून भोंगे सुरू. वहिनीने टाकीचा खालचा नट सैल केला तेव्हा रस्त्यावर आधी साबणाचा फेस आला. भांडी विसळलेलं पाणी.

तिने हात जोडून गाड्या थांबवायचा प्रयत्न केला. एक थांबली. आतल्या माणसाने काच खाली केली, मास्तरांची सुजलेली पावलं पाहिली, वहिनीचे तेलकट हात पाहिले आणि म्हणाला, "सीट नवीन आहेत." काच वर. पुढे एका रिक्षावाल्याने नेलं तेव्हा साडेबारा वाजले होते. यंत्रांवर दुसरे रुग्ण लावले होते. खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली, "तुमची वेळ गेली. परवा या." वहिनीने विनवलं, एकाला तरी घ्या, मास्तरांना घ्या. ती बाई म्हणाली, "सगळे असंच म्हणतात."

त्याच्या आदल्या खेपेला मास्तरांना ताप होता म्हणून ते गेले नव्हते. ही सलग दुसरी पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खुर्चीत ताठ बसून श्वास ओढत होते. आडवं होता येत नव्हतं. इस्पितळात नेईपर्यंत गेले. नणंद आणि शिवणकाम करणारी बाई वाचल्या. वहिनी नणंदेला चहा द्यायला गेली, तर ती म्हणाली, "मी गेले असते तर सुटली असतीस. तुझं नशीबच खोटं, मेला तो गरीब मास्तर." आणि मग कप भिंतीवर फेकून रडली. आम्ही कोणी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मी हॉटेलात गेलो. भांडीवाल्यानेच सांगितलं, हसत नव्हता आता. "गंमत होती हो. उस्ताद म्हणाला, बघू कुठपर्यंत जाते." गाडीत कोण बसतं हे उस्तादला ठाऊक होतं. वहिनीने स्वतः सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, तेल मागताना.

मी तक्रार लिहायला घेतली. तीन पानं झाली. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "कशाची तक्रार करता? मी तपासलं नाही त्याची, की तुम्ही ओरडलात त्याची?"

मी पेन खाली ठेवलं. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

"माफीवर गाडी चालत नाही, भाऊ. पंप गॅरेजवाला उघडून देतोय. दोघी जिवंत आहेत, परवा दहाला त्यांची पाळी आहे. उस्तादने सगळं तेल व्यापाऱ्याला लावून दिलं, दार बंद केलं. तुम्हाला लिहिता येतं ना? मग शिव्या लिहू नका. तेल मागा."

म्हणून लिहितोय. मास्तरांबद्दल हळहळ पाठवू नका. वहिनीला शाबासकीही देऊ नका, ती घेणार नाही, तोंडावर फेकेल. मला शिव्या द्यायच्या तर द्या, वेळ असेल तर. पण तुमच्या ओळखीत खानावळ, हॉटेल, कॅन्टीन, कुठलीही मोठी चूल असेल, तर उद्या सकाळी तिथल्या आचाऱ्याशी बोला. तळून उरलेलं, न जळलेलं, पाणी न लागलेलं तेल एका डब्यात वेगळं काढायला सांगा, झाकण लावून. आणि कुठे यायचं, किती वाजता यायचं, ते आम्हाला कळवा. परवाच्या आधी.